उंबऱ्याबाहेरचा तांब्या

तो पितळी तांब्या अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी रक्ताळलेले सुरे पाहिले, गटारातून काढलेली प्रेतं पाहिली, आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. पण कुठे पाण्यानं भरलेला तांब्या दाराबाहेर ठेवलेला दिसला की मी आजही थबकतो. या प्रकरणातली बहुतेक माणसं सज्जन होती. त्यांची मुलंनातवंडं याच शहरात आहेत, तेव्हा नाव मी कुणाचंच घेणार नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी दादर भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. रोज मोर्चा, रोज बंदोबस्त, त्यामुळे ठाण्यातल्या नेहमीच्या कामाला माणूसच उरत नसे. सकाळच्या हजेरीला शिपाई उभ्या उभ्या पेंगत. बाहेर पडलं की लोक आमच्याकडे बघून थुंकत. मी परळच्या चाळीत वाढलेला. माझ्या आईलाही मुंबई महाराष्ट्रातच हवी होती आणि ते ती मला जेवायला वाढताना ऐकवत असे. पण खाकीला मत नसतं, असं आमचे जुने जमादार म्हणत, आणि मीही तसंच वागत होतो.

एका सकाळी ठाण्यात एक पाद्री आले. वसईकडचे होते, मराठी तुमच्याआमच्यासारखंच बोलणारे. हवालदारानं काम विचारलं तर म्हणाले, साहेबांशीच बोलेन. माझ्यासमोर आणून बसवलं. मी दोनदा विचारलं, तेव्हा कुठे म्हणाले, "प्रभादेवीच्या बंगल्यावर एक माणूस वारलाय. दहनाला नेतील. त्याआधी तुम्ही एकदा बघा."

का बघायचं, ते सांगेनात. विश्वासानं कानावर घातलेली गोष्ट मी तुम्हाला सांगू शकत नाही, डोळ्यांनी पाहिली ती सांगेन, तीही तिथं आल्यावर, एवढंच त्यांचं म्हणणं. मला राग आला. खबरे अर्धवट सांगतात ते भाव वाढवायला. हा माणूस कशासाठी सांगत होता कोण जाणे. पण ते खुर्चीवरून उठेनात. ठाण्यात स्वतःहून अडून बसणाऱ्या माणसाला मी नोकरीत नेहमी मान दिला. दोन शिपाई घेतले आणि निघालो.

बंगला एका जुन्या प्रभू कुटुंबाचा, समुद्राच्या अंगाला. तिथं गिरगावात राहणारे एक निवृत्त संस्कृत शिक्षक दरवर्षी आठवडाभर मौनाचं शिबिर घेत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. हे फादर त्यांचे जुने स्नेही. पहाटे गुरुजी ध्यानाला बसवायचे, संध्याकाळी फादर, ज्याला त्याला त्याच्या त्याच्या खोलीत. शिबिरात ब्राह्मण असे, ख्रिस्ती असे, नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेला असे, एखादा बोहरीही असे. कुणाला जात विचारत नसत आणि कुणाकडून दक्षिणा घेत नसत. हे आधीच सांगून ठेवतो. बुवाबाजीचं प्रकरण वाचायला बसला असाल तर निराश व्हाल.

शिबिराचे नियम कडक होते. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, शेजारच्या खोलीतून काही ऐकू आलं तरी उठायचं नाही. दुसऱ्याचं रडणं हा त्याचा प्रवास, त्यात आपण शिरायचं नाही, अशी शिकवण. फक्त एक खूण ठेवली होती. सकाळी प्रत्येकानं आपला तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि आचाऱ्यानं तो भरून जायचं. तांब्या बाहेर असला म्हणजे आतला माणूस ठीक आहे. नसला तर गुरुजींनी किंवा फादरांनी दार उघडून बघायचं. व्यवस्था चोख होती. आमच्या कोठडीलासुद्धा तशी नव्हती.

गेलेला माणूस लालबागचा, गिरणीत साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर, कामाला. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस घरातही ओरडूनच बोलतो. याची कुजबुज म्हणे खालच्या मजल्यावर ऐकू जायची. त्याचा एकुलता एक मुलगा चळवळीतल्या गोळीबारात गेला. पोरगा मोर्चातही नव्हता, रस्त्याच्या कडेला उभा होता. त्या दिवसापासून बाप मुका झाला. कामावर जायचा, यायचा, जेवायचा, पण शब्द म्हणून नाही. बायकोनंच कुणाकडून तरी ऐकून त्याला गुरुजींकडे धाडलं. तिथं मन मोकळं होईल आणि नवरा परत दोन शब्द बोलायला लागेल, एवढीच त्या माउलीची आशा.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. चाळीतली माणसं जमली होती, भजनी मंडळाचे टाळ चालू होते. सकाळीच मौन सुटलं होतं आणि गुरुजींनी सगळ्यांना सांगितलं होतं की यांनी पहाटे ध्यानातच देह ठेवला, असं मरण भाग्यवंतालाच येतं. लोक प्रेताच्या पाया पडत होते. आम्हाला बघून टाळ थांबले. कुणीतरी मागून म्हणालं, पोरगा खाल्लात, आता बापाचं मढं पण पायजे काय? गर्दी पुढं सरकली. माझ्याबरोबरच्या शिपायानं काठीवरची मूठ आवळली, त्याला मी डोळ्यानंच दटावलं.

मी टोपी काढून त्याच्या बायकोपाशी गेलो. त्या रडत नव्हत्या. माझ्या गणवेशाकडे खालून वर बघत म्हणाल्या, "पोरगा तुमच्या माणसांनी नेला. नवरा देवाच्या माणसांनी नेला. तुम्ही आता काय न्यायला आलात?"

मी म्हणालो, "बाई, न्यायला नाही आलो. ते कधी गेले आणि कसे गेले, हे तुम्हाला कळायला पाहिजे. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्या जमलेल्यांना म्हणाल्या, थांबा, बघू दे त्यांना. त्यांच्या शब्दावर गर्दी मागं हटली. त्या दिवशी तिथं दंगल झाली नाही ती त्या बाईमुळे, आमच्यामुळे नाही.

प्रेत बघायला मला डॉक्टर लागला नाही. पहाटे गेलेला माणूस दुपारच्या आत असा नखशिखांत ताठत नाही. पाठीवरचे निळसर डाग पक्के बसले होते आणि पोटाच्या उजव्या अंगाला हिरवट झाक आली होती. हा माणूस आदल्या दिवशीच गेला होता. मी पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला कळवून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. मग फादरना म्हटलं, आता बोला.

ते मला त्या खोलीपाशी घेऊन गेले. दाराबाहेर पितळी तांब्या होता, काठोकाठ भरलेला. ते म्हणाले, "सकाळी मी फेरी मारली. हा इथंच होता. म्हणून मी आत गेलो नाही."

एवढं बोलून ते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. डॉक्टरांचा अहवाल आला तो माझ्या अंदाजाशी जुळला: हृदयविकार, मृत्यू आदल्या दुपारनंतर. मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या बाहेर ठेवत नाही.

मी शिबिरातल्या सगळ्यांचे जबाब घेतले. या कामात मी चोर-दरोडेखोरांना कधी एवढा कंटाळलो नाही. गुन्हेगाराला निदान आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. ही माणसं काहीच लपवत नव्हती. कण्हण्याचा आवाज ऐकला का? हो, ऐकला. बराच वेळ? हो, बराच वेळ. मग? मग काय, नियम होता. एक जण तर म्हणाला, तो आवाज म्हणजे माझ्या एकाग्रतेची परीक्षा आहे असं मला वाटलं आणि मी ढळलो नाही. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझी लेखणी हातात थांबली.

लगतच्या खोलीत कोण होतं म्हणता? डॉक्टर. गिरगावात चांगला दवाखाना असलेला. त्यानंही ऐकलं होतं. त्याला मी फक्त एवढंच विचारलं की दवाखान्यात असा आवाज आला असता तर तुम्ही काय केलं असतं. त्यानं जबाब न वाचताच सही केली. शहाणी माणसं एकदा का नियमाच्या मागं दडली की त्यांना बाहेर काढणं कठीण. तळहाताएवढी भिंत मधे होती आणि पलीकडे माणूस मरत होता. लालबागच्या चाळीत तो नुसता खोकला असता तरी तीन दारं उघडली असती.

आता राहिले गुरुजी. त्यांना ठाण्यात बोलावलं. ते आले, ताठ बसले आणि गप्प राहिले. गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. खिसेकापू गप्प बसतो तो इकडेतिकडे बघत, खुनी गप्प बसतो तो जमिनीकडे बघत. दोघांनाही मी बोलतं केलंय, कारण शांतता त्यांना खायला उठते. पण या माणसानं आयुष्यभर गप्प बसण्याचाच अभ्यास केलेला, त्याच्यापुढं माझी डाळ कुठे शिजायला? प्रश्न विचारून थकलो. तांब्या मुद्देमाल म्हणून टेबलावरच होता. मी डायरी ओढली आणि आपलं काम लिहायला लागलो.

उकाडा मरणाचा होता. गुरुजींनी हवालदाराला हातानं खूण करून पाणी मागितलं. आमचा हवालदार भला माणूस, पण डोक्यानं सरळ. त्यानं माठातलं पाणी घेतलं ते हाताला लागलेल्या त्याच तांब्यात, आणि नेऊन गुरुजींपुढं धरलं. मुद्देमालाला हात लावला म्हणून मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण गुरुजींकडे बघितलं आणि तोंड मिटलं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांत घेतला होता आणि तो ओठांपर्यंत नेता येत नव्हता. पाणी धोतरावर सांडत होतं.

मग ते बोलले, आणि बोलायला लागल्यावर त्यांनी काही मागं ठेवलं नाही.

आदल्या दुपारी ते फेरीवर असताना त्या खोलीतून आवाज आला. आत गेले तर तो माणूस छाती धरून बसलेला, घामानं निथळत होता, डोळ्यांतून पाणी. गुरुजींनी शिबिरात असं अनेकदा पाहिलं होतं. पाच-सहा दिवस मौनात गेले की मनात दाबून ठेवलेलं वर येतं. माणसं हुंदके देतात, छाती आवळते म्हणतात, मरतो की काय असं वाटतं म्हणतात. तेव्हा हात लावायचा नाही, येऊ द्यायचं, मग माणूस हलका होऊन बाहेर पडतो. पोरगा गेल्यापासून हा रडला नव्हता. गुरुजींना वाटलं, सुटली एकदाची गाठ. त्यांना आनंद झाला होता, असं ते स्वतः म्हणाले.

मी विचारलं, तो काही बोलला का?

"बोलले. 'हिला बोलवा' म्हणाले. दोनदा म्हणाले."

"मग तुम्ही काय केलंत?"

गुरुजींनी आपलं बोट ओठांवर ठेवलं, त्या खोलीत ठेवलं होतं तसंच, आणि मग चेहरा झाकून घेतला.

संध्याकाळी परत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. शिबिराची शेवटची रात्र उरली होती. आता सांगितलं तर बाकीच्यांची आठवडाभराची साधना मोडेल, म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. सकाळी फादर फेरीला येतील आणि आत जातील, म्हणून तांब्या स्वतः बाहेर ठेवला. मौन सुटल्यावर शपथ घालून फादरना सगळं सांगितलं, आणि फादर शपथ न मोडता तडक माझ्याकडे आले. ध्यानात देह ठेवल्याचं गुरुजींनी लोकांना सांगितलं. सांगता सांगता ते आपल्यालाही खरं वाटायला लागलं होतं, असं म्हणाले. त्यांना मी ओळखून होतो असं नाही, पण तो माणूस त्या क्षणी खोटं बोलत नव्हता.

कायद्याच्या हाताला यातलं फारसं काही लागलं नाही. कॉरोनरच्या कोर्टात नैसर्गिक मृत्यू ठरला. मृत्यूची खबर दडवली, खोटी वेळ सांगितली, एवढ्यावरून काय होणार? कॉरोनरनं खरमरीत ताशेरे मारले आणि कामकाज संपलं.

बाहेर व्हरांड्यात त्या बाई गुरुजींची वाट बघत उभ्या होत्या. आत मराठी-इंग्रजीत जे चाललं होतं त्यातलं त्यांच्या कानावर किती पडलं होतं कोण जाणे. फादर गुरुजींना धरून आणत होते. बाईंनी त्यांना अडवलं. शिव्या देतील, हात उगारतील म्हणून मी जवळ सरकलो. तसं काही झालं नाही. त्यांनी खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "गुरुजी, आमचे हे काय बोलले?"

गुरुजींनी सांगितलं. हिला बोलवा म्हणाले, दोनदा म्हणाले, असं सांगितलं.

बाईंच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं. पोरगा गेल्यापासून त्या माणसाच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द होते, आणि ते त्यांच्यासाठी होते. मग ते उजळलेलं विझलं. त्या म्हणाल्या, "लालबागहून प्रभादेवी ती केवढी लांब? पूल ओलांडला की आलीच. मी चालत आले असते."

गुरुजींनी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय सोडवून घेतले, पदर डोक्यावर घेतला आणि निघून गेल्या. गुरुजींनी पुन्हा शिबिर घेतलं नाही, आणि फादरांनी बराच काळ माझ्याशी ओळख ठेवली, त्या विषयावर मात्र आम्ही कधी बोललो नाही.

मी मौनाच्या विरुद्ध नाही. देवाच्या वाटेला लागलेल्या माणसांनी काय करावं हे सांगायची माझी लायकीही नाही. पण त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. माणूस शांत झाला म्हणजे त्याला शांती मिळाली असं नव्हे, आणि हे आतून बंद दाराबाहेर उभं राहून कळत नाही. पुढं मी ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं कोठडीच्या पहाऱ्याला माझा पहिला हुकूम असे: आरडाओरडा करणाऱ्याकडे नंतर बघा, जो गप्प आहे त्याला आधी हाक मारा, आणि ओ आल्याशिवाय हलू नका. शिपाई मागं मला हसत. हसोत बापडे.

आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरात कुणी दार लावून फार वेळ गप्प बसलं की मी जाऊन थाप मारतो. सून वैतागते, नातू आतून म्हणतो, आजोबा, अभ्यास करतोय हो. त्याचा ओ ऐकला की मी परत येऊन खुर्चीत बसतो.