लाल स्ट्रॉची बाटली

माझे बाबा आयुष्यभर स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये तापल्या लोखंडासमोर उभे राहिले, आणि म्हातारपणी दोनशे मिलीच्या एका बाटलीसमोर अडले. त्या बाटलीची आणि माझ्या आईची ही गोष्ट. मी ती इतक्यांदा सांगितली आहे की मी घसा खाकरला की घरचे चपला शोधतात. तुम्ही मात्र बसा.

बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि मळासाठी पोटाला बाहेरून पिशवी लागली. पिशवी तात्पुरती होती, दुसऱ्या ऑपरेशनात निघणार होती. पण डॉक्टरांनी बजावलं, "वजन बावन्न किलो झाल्याशिवाय मी हात लावणार नाही." बाबा होते एकोणपन्नास. पिशवी लागल्यापासून दवाखाना सोडला तर त्यांनी हुडको कॉलनीतल्या आमच्या घराचं फाटक ओलांडलं नव्हतं. "हे निघालं का मंग मी मानसात येईन," एवढंच म्हणायचे.

आहारतज्ज्ञ बाईंनी पेटीभर बाटल्या लिहून दिल्या. तयार पेय, नुसतं हलवायचं, उघडायचं आणि घोटघोट अर्ध्या तासात संपवायचं. जेवणाच्या बदल्यात नव्हे, दोन जेवणांच्या मधे. मी चोरून एक घोट घेतला. व्हॅनिलाची चव, मागून औषधाचा किंचित चिमटा. पण काय माल होता! आमच्याकडच्या लग्नात एका मेटॅडोरमध्ये अख्खं वऱ्हाड बसवतात, तसं त्या चिमुकल्या बाटलीत वरण, अंडं, तूप, दूध सगळं दाटीवाटीनं बसवलेलं. ज्याला चार घासांवर पाचवा जात नाही त्याच्यासाठी असली वस्तू ज्यानं शोधली, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

पंधरा दिवसांनी काट्यावर उभं केलं तर वजन अर्धा किलो कमी! बाई म्हणाल्या, "पितात ना?" आई म्हणाली, "पेटी तं बरोबर संपून राहिली."

मला संशय आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, न कळवता, मी कोहक्यातल्या माझ्या घरून स्कूटी काढली आणि थेट व्हरांड्यात प्रकटले. समोर बाबा आणि मिलमधले त्यांचे दोन जिवलग. एक क्रेन चालवायचे, ते कुम्हारीहून रोज मोटारसायकलवर यायचे. दुसरे मागच्याच गल्लीतले फोरमन. तिघांच्या हातात स्टीलचे छोटे कप, आणि मधोमध रिकामी बाटली.

"बाबा! हे काय?"

"पाहुनचार," बाबा म्हणाले. "पाहुन्यापुढं मी एकट्यानं पेत बसू? माझ्या मायनं असं नाही शिकवलं मले."

क्रेनकाका ओठ पुसत म्हणाले, "पोरी, तुह्या बापाच्या या दुधानं माझे गुडघे दुखनं बंद झाले!"

झाले असतील. फोरमनकाकांचे गालही वर आले होते. वजन घरात येत होतं, फक्त चुकीच्या माणसांवर चढत होतं. मी तिथे जे भाषण ठोकलं ते रंगमंचावर गाजलं असतं. बाबांवर शून्य परिणाम. "त्याईले नका पाजू म्हनतं? मंग मीबी नाही पेत."

आई कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बघते तर ट्रेमध्ये तीन बाटल्या, तिन्हींत स्ट्रॉ. बाबांच्या बाटलीत लाल, बाकी दोघांच्यात पांढरे. बाबा खूश. "आता कसं!" मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. आईनं गॅसवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. आत दूध आणि कस्टर्ड पावडरचं पातळसं मिश्रण, हुबेहूब तोच रंग, फक्त पांढऱ्या स्ट्रॉवाल्यांसाठी. जुन्या बाटल्या तिनं गरम पाण्यानं धुऊन, सुकवून ठेवल्या होत्या.

"आणि काकांना माहीत आहे?"

"फोन केला. म्हनलं, भाऊजी, नाटक करा लागन."

मी शाळेपासून नाटकात काम करते. अशी दिग्दर्शिका मला कधी भेटली नाही. सकाळी अकरा आणि दुपारी चार, रोज दोन प्रयोग. काका लोक कस्टर्ड ओढत मान डोलवायचे, "वा, ताकद येऊन राहिली!" आणि बाबा त्यांच्या सोबतीनं आपली बाटली घोटघोट रिकामी करायचे. एकोणपन्नास, पन्नास, साडेपन्नास.

मग क्रेनकाकांना ताप आला. आठवड्यानं आले ते सुकून. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली लाल स्ट्रॉची बाटली पुढे केली. "तुह्याकडं कमी दिसते. हे भरलेली घे, तुही मले दे."

आई दारात थबकली. एका घोटात सगळं उघडं पडलं असतं, आणि फसवलेला माणूस पुन्हा बाटलीला शिवला नसता.

"नको," क्रेनकाका म्हणाले. "माही उष्टी झाली."

हा शब्द व्हरांड्यात येऊन पडला. क्रेनकाका बौद्ध, आम्ही मराठे. मिलमध्ये पहिल्या दिवसापासून दोघांनी एका डब्यात जेवलेलं. त्यावरून दोघांच्याही गावचे लोक नावं ठेवून दमले, पण डबा एकच राहिला. बाबांचा हात तसाच पुढे. म्हणाले, "तुहं नि माहं उष्टं कवापासून झालं बे?"

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. खरं सांगावं तर दोस्ताचं ऑपरेशन जातं, न सांगावं तर दोस्त जातो. त्यांनी स्ट्रॉ उपटून फेकला, बाटली तोंडाला लावली आणि अख्खं कस्टर्ड एका दमात घशाखाली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "संपली! आता काय घेतं? पे आपली गुमान!"

"हावरट साला," बाबा म्हणाले, आणि हसत हसत लाल स्ट्रॉ तोंडात धरला. आई आत गेली. मी मागे गेले तर ओट्याला धरून उभी होती.

शेवटच्या वजनाला आम्ही तिघंच गेलो. बाबांनी चपला काढल्या, खिशातली किल्लीही काढून माझ्या हातात दिली. फसवाफसवीचं वजन त्यांना नको होतं. काट्यावर आकडा लटपटला आणि थांबला. बावन्न आणि वर थोडं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या मंगळवारी भरती व्हा. पिशवी काढून टाकू."

मी टाळ्या पिटल्या. बाबांनी डोळे पुसले. आईनं त्यांच्या चपला सरळ करून पायाशी ठेवल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मले भूक लागली."

बाहेरचं कधीही न खाणारी माझी आई पोह्यांच्या ठेल्यासमोरच्या बाकावर बसली आणि प्लेट हातात घेतली. एवढे दिवस ती काय जेवत होती, हे कुणीच विचारलं नव्हतं. बाबा शेजारी बसून तिच्या प्लेटकडे बघत होते. प्लेट संपत आली तसे हळूच म्हणाले, "अजून एक प्लेट सांगू का?"

आईनं भरल्या तोंडानं मान डोलावली.