सांगणाऱ्याचं नाव

पुणे स्टेशनवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या बर्थखाली एक पोतं सरकवलं. भुईमुगाच्या शेंगा, गुळाची ढेप, थोडा हरभरा. गाडी जयपूरची, नोकरी नवी, वय सत्तावीस. समोर बँकेतल्या एका साहेबांचं कुटुंब बसलं होतं आणि त्यांच्यादेखत मला ते पोतं नको होतं. "आबा, तिकडं सगळं मिळतं," मी दबक्या आवाजात म्हटलं. आबांचा आवाज मात्र बांधावरून हाक मारल्यासारखा. "मिळतंय त्ये इकत," ते म्हणाले. "ह्यो वानवळा हाय, घरच्या रानातला." समोरच्या बाईंनी गालात हसून नवऱ्याकडे पाहिलं. मी आबांना सांगितलं, हळू बोला. मग गाडी सुटेपर्यंत ते बोललेच नाहीत.

याचा राग मला अजून येतो, आणि तो त्या बाईंवरचा नाही.

नोकरी जयपूरच्या दुर्गापुऱ्यात, शेतीसंशोधनाची. काम आवडीचं होतं: आसपासच्या गावांत हिंडून बाजरी, मोठ म्हणजे आपली मटकी, गवार अशा देशी वाणांचे नमुने आणायचे. प्रत्येक नमुन्याचं वेगळं पाकीट, आणि पाकिटावर वाण, गाव आणि देणाऱ्याचं नाव. माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की देणाऱ्याचं नाव नसेल तर तो नमुना नाही, नुसतं धान्य आहे, पाखरांना टाका. तिसऱ्या वर्षी शेतावर काम करणारी कमलाबाई घाम पुसत म्हणाली, "उनाळो आ ग्यो, मैडमजी." इथल्या हिंदीत कित्येक महिने मी 'ळ' ऐकला नव्हता. इतका आनंद झाला, की हातातल्या कोऱ्या पाकिटावर लिहूनच टाकलं: उनाळो. अर्थ उन्हाळा. सांगणार कमलाबाई. त्या रविवारी फोनवर आबांना तो शब्द सांगितला. ते खदाखदा हसले आणि बदल्यात त्यांनी मला एक शब्द दिला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी हेच चालू आहे.

शब्द जमवण्यात काय मजा असते ते न जमवणाऱ्याला पटवता येत नाही. वाफसा हा शब्द घ्या. पाऊस होऊन गेलाय, चिखल पायाला चिकटत नाही, पण ओल आत आहे, बी पेरावं अशी जमिनीची वेळ. त्यावर मी एम.एस्सी.ला इंग्रजीत सहा पानं खरडली होती. आबांकडे तीन अक्षरं होती. किंवा थारोळं. पेपरात माणसं रक्ताच्या थारोळ्यात पडलेली असतात, एवढंच मला ठाऊक. आबा म्हणाले, मोटेचं पाणी विहिरीवर ज्या कुंडात पडतं, ते थारोळं. म्हणजे आमच्या पेपरवाल्यांनी त्यातलं पाणी उपसून रक्त भरलं आणि तेवढंच आपल्यासाठी ठेवलं! हे कळलं तेव्हा जगतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या होत्या. पाकिटांनी बुटांचे तीन खोके भरले. प्रत्येकावर सांगणाऱ्याचं नाव, आणि निम्म्याहून अधिक पाकिटांवर आबांचं.

मागच्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघायची होती. संपादक नाना, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी शब्द मागितले, मी शंभर निवडून दिले, नावांसकट. आणि एक चूक केली. आबांना सांगितलं, तुमचं नाव छापून येणार. आबांनी ते डेअरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, सोसायटीच्या चेअरमनला सांगितलं. मग दर रविवारी शब्दाच्या आधी प्रश्न यायचा, "आलं का गं पुस्तक?"

पुस्तक आलं. माझ्या मुलीने, ईशाने, आधी उघडलं. ती इथेच वाढली, देवनागरी वाचते ती हिंदीच्या जिवावर. मथळा होता 'विस्मृतीत गेलेले शब्द'. खाली शंभर शब्द, प्रत्येकापुढे अर्थ आणि 'जुना ग्रामीण प्रयोग'. एकही नाव नाही. शेवटी संकलन म्हणून नाना, साहाय्य म्हणून मी.

"आई, हे तर आबा बोलतात ना?" ईशा म्हणाली. "मग विस्मृतीत मतलब?"

मी सांगितलं, लोक विसरलेले.

"पण भूल कौन गया?"

पोरीचं मराठी मोडकं, प्रश्न मात्र बरोबर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस आज सकाळी वाफसा बघायला रानात गेला असेल, आणि इथे जयपूरच्या सी-स्कीममध्ये एसीत बसून कुणीतरी त्याला जुना प्रयोग ठरवलं!

नानांना गाठलं. ते वाईट नाहीत, त्यानेच जास्त चीड येते. चहा मागवला, समजूत घातली. "अगं, शब्द काय कुणाच्या मालकीचे असतात? आणि ही गणपती दादू, कमलाबाई असली नावं वाचण्यात कुणाला रस?"

"तुमचं नाव बरं मालकीचं आहे," मी म्हटलं.

"पुढच्या अंकात बघू," ते म्हणाले. चहा तसाच ठेवून मी उठले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मंडळाचं सभासदत्व त्याच दिवशी सोडलं.

पण घरी येईपर्यंत रागाने तोंड फिरवलं होतं, माझ्याकडे. गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे उठून निघालेल्यांनो, नानांनी छापून जे केलं ते मी आधीच करून बसले होते. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी हे सगळे शब्द मी तोंडातून काढून टाकले, कुणी हसू नये म्हणून. पुढे पगार आला, फ्लॅट आला, हसणारं कुणी उरलं नाही, तेव्हा तेच शब्द छंद म्हणून उचलले. आपण निघून येतो, बोलायचं सोडतो, आणि वर म्हणतो, शब्द मेले. मरतात कसले! तिकडे माणसं रोज बोलतायत. आपल्यालाच ऐकू येत नाही.

आबांशी खोटं बोलावंसं फार वाटलं. नाही बोलले. सांगितलं, पुस्तक आलं, शब्द आहेत, तुमचं नाव नाही. आबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी शब्द विचारला तर "आठवत न्हाई." त्याच्या पुढच्या रविवारी तेच. चार रविवार गेले. त्यांना आठवत होतं, मला ठाऊक आहे. ते मला देत नव्हते, आणि त्यांचं चूक नव्हतं.

पाचव्या रविवारी फोन त्यांचाच आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाकीट घे."

घेतलं.

"आदी नाव लिही. गणपती दादू सावळे. पुरं लिही. आबा-बिबा न्हाई."

लिहिलं. गाव सांगितलं, तालुका सांगितला, ते लिहिलं.

"त्याच्या फुडं लिही, हयात."

मी लिहिलं, हयात.

"लिव्हलंस का?"

"लिहिलं, आबा. आणि शब्द?"

"त्यो फुडल्या ऐतवारी. आदी तुमी समदी नाव नीट लिव्हाय शिका," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते पाकीट माझ्या टेबलावर आहे, शब्दाची जागा कोरी. तुमचं घर कुठलं, असं जयपुरात कुणी विचारलं की पूर्वी मी सरळ जगतपुरा सांगायची. आता आधी या पाकिटावरचा पत्ता सांगते, मोठ्याने.