पूजा झालेली फरशी

"चुकून पडलं म्हण. एवढंच म्हण."

"काय पडलं?"

"ॲसिड. बाथरूमचं. वय झालं, बाटली वळखू आली न्हाय म्हण. तुला कोण काय बोलणार न्हाय, अक्का."

"बाटली वळखू येत न्हाय एवढी मी म्हातारी. आणि रोज पहाटे सगळा मंडप वाकून पुसायला तरणी, व्हय रे बापू?"

"विषय त्यो न्हाय."

"मग कुठला हाय? सांग की."

बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मंडपात त्या वेळी ही बहीणभावंडं सोडून कोणी नव्हतं. राजमतीअक्का खांबाला हात टेकून उभ्या होत्या. बापूसो, त्यांचा धाकटा भाऊ, गुडघ्यावर बसून फरशीवरच्या डागावर रुमाल घासत होता. जिन्यावरून कमिटीच्या बैठकीसाठी माणसं वर चढत होती आणि चढताना खाली बघून न बघितल्यासारखं करत होती. बैठकीत विषय एकच होता, फरशी कोणी खराब केली. सगळ्या गल्लीत त्याचं उत्तरही एकच होतं, की राजमतीअक्कांनी.

नवी फरशी पांढरी, आत पोपटी शिरा. तिच्यावर गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून मधल्या खांबापर्यंत बशीएवढे, ताटाएवढे डाग पडले होते. डाग म्हणजे रंग चढला नव्हता, उलट चमक गेली होती. घासून निघावं असं त्यात काही नव्हतंच. जे होतं तेच निघून गेलं होतं.

राजमतीअक्का माहेरच्या शिरोळकडच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या. नवऱ्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं; ते वारले तेव्हा मुलगा पुण्यात नोकरीला लागलेला होता. तो "चल माझ्याकडं" म्हणाला, तर ह्यांनी त्याला विचारलं, मग बस्ती कोण पुसणार? कोणी नेमलं नव्हतं त्यांना. एका पहाटे केरसुणी घेऊन गेल्या आणि मग जातच राहिल्या.

त्यांचं पुसणं बघण्यासारखं. केरसुणी मऊ, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं. फिनेल नाही, ॲसिड नाही, वासाचं काही नाही. फरशीवर मुंग्यांची रांग निघाली की अक्का बादली ठेवून बसून राहायच्या. रांग संपली की पुढचा हात. त्यामुळं एकदा आरतीला उशीर झाला आणि बस्तीचे पुजारी उपाध्ये चिडले, तर अक्का म्हणाल्या, त्या तुमच्या आधी आल्यात, नंबरानं चला. ते उपाध्ये आजही हे सांगताना हसतात.

म्हणून ॲसिडाचा बोल त्यांना नुसता निष्काळजीपणाचा वाटला नाही. ॲसिड म्हणजे फरशीच्या सांध्यासांध्यातले जीव मारणं. डाग दिसले त्या दिवशी नळावर कोणी तरी म्हणालं, अक्कांनी बाटलीच ओतली असणार. अक्का मागंच उभ्या होत्या. कळशी तिथंच ठेवून घरी गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

जुनी शहाबादी फरशी उखडून नवी घालायचं ठरलं तेव्हा सगळ्यात शहाणपणाचं बोलला होता तो बापूसोच. त्याचा दगडाचा धंदा. त्यानं कमिटीला बसवून समजावलं, की संगमरवर घेऊ नका. इथं पंचामृताचा अभिषेक होतो. दही, उसाचा रस, लिंबूवर्गी फळांचा रस, हे आंबट संगमरवराची चमक खातंय. ग्रॅनाइट नको वाटत असेल तर क्वार्ट्झाइट घ्या. दिसायला संगमरवर, पण आतून गारगोटी. आंबटाला दाद देत नाही. पण घेताना बघून घ्या, क्वार्ट्झाइट म्हणून भलतंच खपवणारे लई.

ओळखायचं कसं, हेही त्यानंच शिकवलं. कमिटीत रुचिता म्हणून सिव्हिल इंजिनिअर मुलगी आहे. तिच्या हातात त्यानं नमुन्याचा तुकडा दिला, काचेची बाटली दिली. तिनं तुकड्याचा कोपरा बाटलीवर ओढला, काचेवर चरा उठला. मग तुकड्यावर लिंबू पिळून चहा होईपर्यंत ठेवलं. पुसलं, तर काही झालंच नव्हतं. अक्कांनी विचारलं, हळद पडली तर? बापूसो म्हणाला, हळद आणि तेल मात्र पितो, म्हणून वर छिद्रं बुजवणारा सीलर मारायचा. पाण्याचा थेंब टाकून बघायचा. दगड काळपटला तर सीलर संपला समजायचं. दारात पायपुसणं जाड ठेवा, वाळूचे कण सीलर घासतात. अक्कांनी सगळं डोक्यात ठेवलं. नमुन्याचा तुकडा घरी नेला आणि दुधाचं पातेलं उतरवायला ओट्यावर ठेवला. भावाचा केवढा अभिमान होता त्यांना. माझा बापू म्हणून भेटेल त्याला सांगायच्या.

मग ट्रक आला. माल बापूसोचा, म्हणजे घरचाच, म्हणून मान अक्कांना. पहिल्या स्लॅबवर त्यांनी कुंकवानं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. बायकांनी णमोकार म्हटला. तेवढ्यात रुचिता रिक्षातून उतरली, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात लिंबू. उपाध्ये म्हणाले, बाळ, पूजा झाली. आता ह्याच्यावर लिंबू पिळतीस व्हय? सगळे हसले. रुचितापण हसली आणि लिंबू पर्समध्ये टाकलं. पूजा झालेल्या दगडाची परीक्षा घ्यायची नसते, एवढं आमच्यात कोणालाही कळतं.

फरशी बसली, सीलर झाला. आणि वर्धापनदिनाच्या मोठ्या अभिषेकात दही आणि रस उंबऱ्याबाहेर वाहिलं. दुसऱ्या पहाटे अक्का पुसायला गेल्या, तर हे डाग. दही-रसानं हा दगड जात नाही असं बापूसोच सांगून बसलेला, म्हणून बोल आला तो पुसणारीवर.

"चुकून पडलं म्हणून मोकळी हो," बापूसो परत म्हणाला. "माझा धंदा हाय, अक्का. तुझं काय जातंय?"

अक्कांनी त्याच्याकडं बघितलं. पदराच्या गाठीतून लिंबू काढलं, चिरलेलं. पिशवीतून नमुन्याचा तुकडा काढून फरशीवर ठेवला, खांबामागं, जिथं डाग नव्हता तिथं.

बापूसो उठला. "अक्का, पूजा झालीया ह्याची."

"माझ्याच हातानं झालीया."

त्यांनी अर्धी फोड तुकड्यावर पिळली आणि अर्धी फरशीवर. मग दोघं उभी राहिली. वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. कोणी तरी जिन्यातून हाक मारली, या, सुरू करतोय. दोघांतलं कोणी हाललं नाही. बापूसो मध्येच म्हणाला, हे पुसून टाक, पण स्वतः वाकला नाही.

अक्कांनी पदरानं दोन्ही पुसलं. तुकडा होता तसा, त्यात खिडकी दिसत होती. फरशीवर नाण्याएवढा पांढुरका गोल उमटला होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, मग तुकड्यावर, मग परत गोलावर.

"हा त्यो दगड न्हाय," त्या म्हणाल्या. इतकं हळू, की आपल्यालाच सांगत असाव्यात.

मग बापूसो बोलायला लागला तो थांबेचना. खाणीतून तो लॉट कमी आला. पुढचा यायला वेळ होता. मुहूर्त ठरला होता, रोज कमिटीचे फोन. तसाच दिसणारा दुसरा माल गोडाऊनला होता. संगमरवराच्याच जातीचा, पण भारी, हलका नव्हे. एवढा रस बाहेर येईल असं कुणाला वाटलंय? सीलर मारलाच होता की वर.

"सीलरनं आंबट थांबतंय व्हय?"

"न्हाय," तो म्हणाला.

अक्का खाली बसल्या. त्यांचं बोलणं सावकाश आलं, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखं. "त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. म्हणालास, अक्का, ट्रक गल्लीत शिरला की लगेच पूजा उरकून घे, कुणाची वाट बघू नको. मला वाटलं, भावानं मान दिला."

बापूसोनं रुमालाची घडी केली.

"रुचिता लिंबू घेऊन येणार, तुला ठावं होतं."

 खिशात रुमाल कोंबत तो म्हणाला, "तुझा हात लागल्यावर कोण शंका घेणार न्हाय, एवढाच इचार केला मी."

अक्कांनी स्वतःचा उजवा हात उलटा करून बघितला. कुंकवाचं काही राहिलेलं नव्हतं त्यावर, लिंबाचा वास होता. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काही होतं.

वरून पुन्हा हाक आली, या वेळी अक्कांच्या नावानं.

त्या उठल्या. नमुन्याचा तुकडा उचलला, पदराखाली घेतला.

"अक्का," बापूसो म्हणाला. "वर काय सांगणार हायस?"

त्या जिन्याकडं निघाल्या.

"अक्का, मी तुझा भाऊ हाय. काय सांगणार हायस?"

कठड्याला धरून त्या पहिली पायरी चढल्या, मग दुसरी.