कुणालाही वाचता येईल असं

वसमतला हळदीच्या एका खाजगी गोदामात मी कंत्राटावर होते. आम्हा सगळ्यांची ऑर्डर अकरा महिन्यांची. मग काही दिवसांचा सक्तीचा ब्रेक, आणि साहेबांची मर्जी असेल तर नवी ऑर्डर. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. दिवसा शेजारच्या काकू बघायच्या, संध्याकाळी मी. कुरुंद्याहून जाऊन येऊन करता येईल अशी, माझ्या शिक्षणाची नोकरी ही एकच होती.

कुणाची हळद कोणत्या थप्पीत आहे, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर मला नव्याने लिहायचं होतं. मी पीएचपी निवडली. प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा, लोक नाकं मुरडतात, पण इथल्या प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. गोदाम वर्षानुवर्षं चालणार, माणसं अकरा महिन्यांत बदलणार. मागून येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी पुसेगावचा, तोही कंत्राटीच. त्याने वजनकाट्याचं काम मुद्दाम रस्ट नावाच्या भाषेत केलं होतं. ती आमच्या ऑफिसात दुसऱ्या कुणाला येत असेल तर शपथ.

"ताई, काहून एवढं सोपं लिहून राहिल्या? उद्या कुणीबी येऊन बसंल तुमच्या खुर्चीत."

मी भडकले. "आणि तुम्ही नसताना काटा बिघडला तर शेतकऱ्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" असं सुनावलं. वर हट्टाने कोडमध्ये जागोजागी मराठीत टिपणं लिहिली.

ब्रेक संपला, ऑर्डर आली नाही. माझ्या जागी बसवलेल्या मुलीला तोवर सगळं उमगलं होतं. साहेब कौतुकाने म्हणाले, "मॅडम, तुमचं काम इतकं स्वच्छ आहे, की तुमच्यावाचून काही अडतच नाही." पुसेगावच्याला मात्र ब्रेकसुद्धा दिला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता मी पुण्यात, वडील आत्याकडे. आत्या फोन त्यांच्या कानाला लावते. त्यांना बोलता येत नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

परवा त्या मुलीचा फोन आला. "ताई, साहेब नवीन काम देऊन राहिले. कोणती भाषा घेऊ? माझा ब्रेक जवळ आला. लेकरू लहान हाय, मला गाव सोडता यायचं न्हाई."

बरोबर उत्तर मला पाठ होतं.

"तिथं कुणालाच येत नाही अशी घे," मी म्हणाले.

 ती म्हणाली, "व्हय, ताई."

काम पुढेमागे मातीत जाणार, हे मला ठाऊक आहे. पण ती लेकराजवळ राहील.