एंजांगची थेट वाट

कुणी नवा कोड दाखवला की एंजांग आधी लिहिणाऱ्याचं नाव बघायचा, मग कोड. कॉम्प्युटर चालू आहे का, हे पडद्याकडे न बघता तळहात टेकवून ठरवायचा. बाला-बाला, म्हणजे कोबी-गाजराची भजी, खाताना मिरची वेगळी, पुढच्या दातांनी कुरतडायचा. कुणाला चांगलं म्हणताना त्याच्या वाक्यात 'पण' यायचाच. स्वतःची स्तुती ऐकली की चष्मा पुसायचा. दुसऱ्याची ऐकली तरी पुसायचा, जरा जास्त वेळ.

इंडोनेशियातल्या बांडुंगमध्ये, डागोच्या चढावर त्याची कंपनी. तिथे बंदरांसाठी रेडिओ बनतात. यात रेडिओ स्वतः फार काही करत नाही. हवेतलं सगळं एकदम उचलतो, त्याचे आकडे करतो आणि पाकिटांत भरून केबलवर सोडतो. त्यातून आवाज वेगळे काढण्याचं काम कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम करतो. अडचण असते ती वाटेत. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक पाकीट थांबवते, तपासते, इकडून तिकडे ठेवते. लोंढा वाढला की काही पाकिटं गळतात. पाकीट गळलं की आवाजाला भोक पडतं.

एंजांगने सिस्टिमला वळसा घालणारी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येईल असा तयार कोड, लिहिली. पाकिटं नेटवर्क कार्डावरून थेट प्रोग्रॅमच्या हातात.

"केलुराहानच्या कचेरीत खिडकीपुढे रांग कशाला लावता?" तो म्हणायचा. "मागच्या दाराने थेट साहेबांच्या टेबलावर."

कंपनीत तिला 'एंजांगची वाट' म्हणत. नवीन माणूस आला की त्याला ती एंजांगच शिकवायचा. रिस्नालाही त्यानेच शिकवली.

रिस्ना गारुत गावची. बोलणं मोठ्याने, हसणं त्याहून मोठ्याने. एंजांगची लायब्ररी पाकिटं एकेक करून उचलायची. रिस्नाने ती मूठभर उचलायला लावली. प्रत्येक मूठ आपल्या जागेत ओतून घ्यायची आणि कार्ड ज्यात पाकिटं भरतं तो मेमरीतला डबा लगेच कार्डाला परत द्यायचा. जिथे एंजांगच्या वाटेवर पाकिटं गळत, तिथे रिस्नाचं एकही गळेना.

"तुमचंच आहे, कांग," ती म्हणाली; दादा म्हणावं तसं ती त्याला कांग म्हणायची. "मी नुसते हात मोठे केले."

"छान आहे," एंजांग म्हणाला. "पण ओतून कशाला घेतेस? उचल-ठेव करते ती लायब्ररी नाही, हमाल आहे."

"हमाल तर हमाल. माल तरी पोचतो."

सगळे हसले. एंजांगने चष्मा काढला.

त्यानंतर मालक हेंडारसाह, ज्यांना सगळे आदराने पा म्हणत, अडलं की आता आधी रिस्नाच्या टेबलाशी जात. जाताना एंजांगच्या टेबलावरून जात, म्हणजे ते त्याला दिसायचंच. ती आल्याचं गरम बंद्रेक प्यायला उठली की तो तिच्या पडद्यावरचे आकडे बघून यायचा. घरी बायको इइस म्हणाली, "त्या पोरीचं नाव जेवताना किती वेळा घेता? मला संशय येईल." तो म्हणाला, "तसलं काही असतं तर बरं होतं."

अशात पलाबुहान रातूच्या बंदराचं काम आलं. नवा रेडिओ सगळ्या वाहिन्या एकाच वेळी ऐकणार होता, म्हणजे कुठल्याही होडीची हाक हुकू नये. त्यात लायब्ररी एकच बसणार. पा हेंडारसाह म्हणाले, "दोघांची चाचणी लावू. जिची पाकिटं गळणार नाहीत, ती जाईल."

एंजांगने ओतून घेणं काढूनच टाकलं. पाकिटं वाचणाऱ्या प्रोग्रॅमने कार्डाच्या डब्यातूनच वाचावं. आणखी वेग हवा म्हणून त्याने डबा परत देण्याची वेळही अलीकडे आणली. चाचणीत लोंढा इतका वाढवला की रिस्नाची पाकिटं गळू लागली. एंजांगचं एकही गळलं नाही. पाकिटांचे क्रमांक सगळे जागेवर.

"म्हाताऱ्या, दात आहेत की अजून!" पा हेंडारसाह म्हणाले.

रिस्नाने टाळ्या वाजवल्या. मनापासून. तिला वाईटही वाटू नये, याचं एंजांगला वाईट वाटलं.

जिंकल्याची चव घ्यावी म्हणून तो चाचणीचा आवाज ऐकत बसला. दोन मच्छीमार बोलत होते. एक विचारत होता, बर्फ किती उरलाय? त्याचा प्रश्न संपायच्या आत, मधोमध, दुसऱ्याचा आवाज आला: अर्धी पेटी. मग प्रश्नाचा उरलेला शेवट. मग उत्तर पुन्हा, आपल्या जागी.

एंजांग हसला. पुन्हा ऐकलं, आणि त्याचं हसू गेलं.

पाकीट गळलं नव्हतं. वाचणारा मागे पडला होता, त्याचं वाचून व्हायच्या आत डबा कार्डाकडे गेला होता, आणि कार्डाने त्यात नवं भरलं होतं. चाचणी पाकीट येतानाच क्रमांक बघत होती. आत काय उरलं, हे कुणी बघत नव्हतं.

कुणाला कळणार नव्हतं. पण बंदरावर एखादी होडी आपली जागा सांगेल आणि मधले आकडे दुसऱ्याचेच लागतील. गप्प राहून दुरुस्त करू, असं त्याने ठरवलं. दुरुस्त केलं की वेग पडायचा. वेग पडला की रिस्ना पुढे. तो पुन्हा पहिल्यापासून विचार सुरू करायचा.

भज्यांच्या गाडीवर रिस्ना त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "कांग, बंदरावर मला नेणार ना? केबल ओढायला?"

"ऐक," तो म्हणाला आणि फोनवर चाचणीचा आवाज सुरू करून हेडफोन तिच्या कानाला लावला.

तिने ऐकलं. "हा ज्योतिषी आहे का? प्रश्नाआधी उत्तर!" ती हसत सुटली. मग थांबली. "डबा लवकर परत दिलात."

"दिला."

"तुम्ही? मला शिकवताना याच्यावरून ओरडला होतात."

"तुझ्यापुढे जायचं होतं."

रिस्नाने भजं खाली ठेवलं. "पा हेंडारसाहना सांगितलंत?"

"तुला आधी सांगतोय. तेही मनाविरुद्ध."

"ते दिसतंय तोंडावर," ती म्हणाली.

एंजांगने सांगितलं तेव्हा पा हेंडारसाह ओरडले नाहीत. रिस्नाची बसवू म्हणाले. रिस्ना म्हणाली, दोन्ही जोडू. वाचणारा मागे पडत असेल तेव्हा तिची ओतून घेण्याची रीत, नाहीतर एंजांगची थेट वाट. एंजांग बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"परत देण्याचा भाग मी लिहू का?" तिने विचारलं.

"हात लावायचा नाही. तो माझा आहे. आणि वर नाव आधी माझं."

"घ्या, कांग. मोठ्या अक्षरांत घ्या."

सोमवारी एंजांग चढ चढून वर आला नाही. अर्ध्या वाटेत, नारळपाण्याच्या गाडीपाशी बसला आणि तिथेच कलंडला. हृदय थांबलं. पंचेचाळीसचाही नव्हता.

बंदरावर रिस्नाची लायब्ररी गेली. जोडलेली अजून त्याच्या मशीनवर आहे. परत देण्याचा भाग त्याने सुरू केला होता. वाचणाऱ्याने डबा सोडला आहे का, हे तो भाग विचारतो. सोडला असेल, तर कार्डाला देतो. सोडला नसेल, तर काय करायचं, तिथे कंस उघडला आहे. पुढे काही लिहिलेलं नाही.