ग्राइंडरची थरथर

हे मी कुणालाच बोलले नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

आमचे हे कातारी. माले गावात घराला लागूनच त्यांची शेड. लेथवर लाकूड फिरायचं, हे पटाशी टेकवायचे, आणि बघता बघता लाटणं व्हायचं, रवी व्हायची, पाळण्याचे खांब व्हायचे. सगळा जीव पटाशीच्या धारेत. ती धार लावायचा ग्राइंडर — त्याला मला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. "जड हाय, मी उचलतो," म्हणायचे.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणून सकाळीच मी पुसायला घेतलं. ग्राइंडरचे बोल्ट यांनी आदल्या दिवशीच सोडून ठेवलेले, आणि हे फुलं आणायला पौडला गेलेले. मी थांबले असते तर? पण मी कसली ऐकतेय! ओढला, आणि निसटला. दगड ज्या दांड्यावर फिरतो, त्या दांड्याच्या टोकावरच आपटला. वरून काही दिसेना. मी उचलून जागेवर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. हे आले, झेंडूचा हार घातला, हात जोडले. मीही शेजारी उभी राहून हात जोडले. पूजेच्या दिवशी हत्यार पाडलं, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

दसऱ्यानंतर धार वेडीवाकडी यायला लागली. लाटण्यांवर वळ उठायचे. यांनी दगड घासला, मग नवाच घातला. बोल्ट आवळले, खाली रबर घातलं. वाकला होता तो दांडा, ते मलाच कळत होतं. जेवणावरची वासना गेली त्यांची. तेव्हा तरी सांगायचं ना? रोज मी मनाशी म्हणायचे, उद्या सांगू.

मग एका दुपारी त्यांनी हाक मारली. पटाशी फिरत्या दगडाला टेकवली आणि म्हणाले, "माज्या मनगटावर हात ठेव. खरं सांग — मशीन थरथरतंय का माजा हात?"

सासऱ्यांचे हात शेवटी असेच कापायचे. भाकरी मोडता यायची नाही. त्याच भीतीनं विचारत होते, मला कळत होतं. आणि मी म्हणाले —

"हातच वाटतोय."

जीभ कशी झडली नाही माझी?

"व्हय, मला बी तसंच वाटलं," म्हणाले, आणि बटण बंद केलं. लेथ पुन्हा चालू झाला नाही. आता ते भुकूमला एका सोसायटीच्या गेटवर बसतात. ग्राइंडर पोत्याखाली पडलाय. आणि त्यांचे हात? अहो, मला सुईत दोरा ओवून देतात, एका दमात! तरी त्यांना पटत नाही. कारण मी सांगितलंय ना. माझ्या शब्दावर केवढा भरवसा त्यांचा.

परवा लेकीनं सव्वा महिन्याची नात त्यांच्यापुढे धरली. जन्मभर लोकांच्या पाळण्यांचे खांब कातलेला माणूस — मागे सरला.

"नगं गं, माज्या हातातनं पडंल. तुज्या आईकडं दे."

मी हात पुढे केले आणि तिला घेतलं.