पंख डिकीत, लोकर घरी

माझ्या नवऱ्याने, आर्नफिनने, एकोणतीस वर्षं हार्डांगर पठारावर बर्फ काढायची गाडी चालवली. वारा सुटला की वर रस्ता दिसत नाही. मग फाटक पडतं, गाड्या रांगेत थांबतात आणि बर्फगाडीच्या मागोमाग सगळ्यांना एकत्र सोडतात. मध्येच अडकलं तर तासन्‌तास गाडीत बसावं लागतं, म्हणून फाटकावर प्रत्येकाला विचारतात: फावडं आहे का, दोर आहे का, अंगात घालायला लोकर आहे का. नसेल तर माघारी. आर्नफिनने एका बिशपला माघारी पाठवलं, दोन नवरदेवांना पाठवलं. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला निघालेला माझा सख्खा भाऊ, त्याचेही पातळ बूट बघून त्याला घरी पाठवलं. भाऊ अजून आमच्याकडे जेवत नाही.

निवृत्त झाल्यावर हा माणूस खिडकीपाशी बसून राहिला. मला शिवणाचा नाद. गावातल्या शाळेच्या नाटकांसाठी मी राक्षस आणि पऱ्या शिवायची. म्हटलं, ऊठ, अंगात घाल. तेव्हापासून दर फेब्रुवारीत आम्ही जुनी व्होल्वो घेऊन निघतो आणि मी त्याचे फोटो काढते. गोठलेल्या तळ्यावर तो राक्षस झालाय, चर्चमागे बुडून मेलेला दर्यावर्दी झालाय, एकदा पेट्रोल पंपाच्या आडोशाला जलपरीचा बापही झालाय. सांगेन तिथे उभा राहतो. "कसं झालंय?" विचारलं की म्हणतो, "ठीक." पाच हिवाळे मी "ठीक" ऐकतेय.

यंदा मी मनाशी ठरवलं होतं. सप्टेंबरपासून हिमराजाचे पंख करत होते. तारेचा सांगाडा, त्यावर आईचे लेसचे जुने पडदे आणि एकेक टाचलेली नऊशे पिसं. एवढं करूनही हा "ठीक" म्हणाला तर बस्स. शिवणयंत्र विकायचं आणि विणकाम मंडळात जाऊन बसायचं. हा सगळा प्रकार तो माझ्या धाकाने सोसतोय की त्याला त्याचं काही वाटतं, एवढंच मला कळायला हवं होतं. सरळ विचारायची सोय नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत.

पठारापलीकडचा धबधबा तळापर्यंत गोठला होता आणि गुरुवारपासून ऊब वाढणार असं रेडिओ सांगत होता. दिवस एवढासा, रंगवायला दोन तास, म्हणून मंगळवारी घरीच न्हाणीघरात त्याचं तोंड निळं-पांढरं केलं, दाढीला चंदेरी लावली, झगा चढवला, मुकुट ठेवला. "लोकरीच्या कपड्यांची पिशवी दारात ठेवलीय," असं बजावून मी थर्मास भरायला गेले. सामान त्याने लावलं.

फाटकावर टोरगाइर होता. पंचेचाळिशीचा गडी, आर्नफिनच्याच हाताखाली तयार झालेला. काच खाली गेली. त्याने राजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आर्नफिन, तुम्हीच ना?"

"मीच."

"बरं. फावडं?"

"आहे."

"दोर?"

"आहे."

"लोकर?"

आर्नफिनने मुकुट सरळ केला. मग म्हणाला, "नाही."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण हा माणूस चेष्टा करत नाही.

टोरगाइर स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "तुम्हाला कोण अडवणार? लागा माझ्या मागे. मी काही पाहिलं नाही."

"पाहिलंस. परत पाठव."

"अहो, पण..."

"नियम सांग."

टोरगाइरने घसा खाकरून नियम सांगितला. राजाने तो मुकुटासकट ऐकून घेतला आणि गाडी वळवली.

माझं टाळकंच सरकलं. "जन्मभर लोकांचे मोजे तपासलेस आणि स्वतः झग्यात आलास? थांबव गाडी." फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत त्याने ती थांबवली. मी जाऊन डिकी उघडली. पिशवीचा पत्ता नव्हता. आत फक्त पंख होते. चारी बाजूंनी पुठ्ठे लावलेले, आणि ते पुठ्ठेही पंखांच्या आकाराला बेतून कापलेले.

"पिशवी कुठाय?"

"घरी. मावत नव्हती. पंख दबत होते."

"मग दाबायचे थोडे."

"नाही दाबवले." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "इतकं सुंदर काही मी आजवर हातात धरलेलं नाही."

मला रडू आलं. डिकीत डोकं घालून मी चांगली पोटभर रडले. त्याने तोवर फावडं इकडचं तिकडे ठेवलं.

मग म्हटलं, "चल, फोटो इथेच." फाटकाच्या लाल-पांढऱ्या दांड्यापाशी त्याला उभा केला. रांगेतल्या ट्रकवाल्यांनी काचा खाली केल्या. वारा एक पंख ओढून न्यायला बघत होता, तो टोरगाइर फोटोच्या चौकटीबाहेरून धरून राहिला. पाचव्या मिनिटाला राजाचे दात वाजायला लागले, तेव्हा त्याला गाडीत कोंबला, हीटर लावला, हातात कॉफी दिली आणि तपकिरी चीज लावलेला ब्रेड दिला.

"वर अडकलो असतो तर गारठून मेला असतास, गाढवा," मी म्हटलं.

त्याने घास नीट चावून गिळला.

"पंख शाबूत राहिले असते," तो म्हणाला.